निवेदन ते उत्तर: खासदारांच्या कार्यालयात रुजू झालेल्या तरुणीस पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. साहेबांच्या दिल्लीतील कार्यालयात संसदीय कामकाज पाहण्याची जबाबदारी तुझ्याकडे आली, याचा मनापासून आनंद झाला. अधिवेशनाला अजून काही आठवडे अवकाश आहे आणि मतदारसंघातून आलेल्या निवेदनांचा गठ्ठा टेबलावर साचला आहे, असे तू लिहितेस. यांपैकी काय सभागृहात मांडायचे आणि कसे, हा तुझा प्रश्न त्यामुळे अगदी वेळेवर आला आहे. मी आयुष्याचा मोठा काळ हेच काम केले, आणि तेही निरनिराळ्या पक्षांच्या खासदारांसाठी. त्यातून माझे एक मत ठाम झाले आहे, ते आधीच सांगून टाकतो. गाऱ्हाणे सभागृहात बोलून दाखवणे हा या कामाचा केवळ मधला टप्पा आहे. त्याच्या आधी त्या गाऱ्हाण्यातून असा प्रश्न काढावा लागतो की ज्याचे उत्तर एका विशिष्ट मंत्र्याला आकड्यांनिशी द्यावे लागेल, आणि नंतर ते उत्तर ज्याचे गाऱ्हाणे होते त्याच्या हाती नेऊन द्यावे लागते. ही दोन्ही टोकांची कामे कॅमेऱ्यात दिसत नाहीत, म्हणून बहुतेक कार्यालयांत ती कोणी करीत नाही.

आधी गठ्ठा निवडून घे. त्यातली निम्म्याहून अधिक निवेदने संसदेची नसतातच. रेशनकार्ड, वीजजोडणी, पोलीस ठाण्यातली अडवणूक, सातबाऱ्यावरची चुकीची नोंद, ही कामे तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची आहेत. तिथे साहेबांचे पत्र आणि तुझा पाठपुरावा यांनी जे होते ते लोकसभेत बोलून होत नाही. केंद्राच्या योजनांची जिल्ह्यातली अंमलबजावणी अडली असेल, तर ‘दिशा’ समिती आहे. ही समिती २०१६ पासून आहे, तिचे अध्यक्षपद लोकसभा सदस्याकडे असते आणि दर तिमाहीला तिची बैठक व्हावी अशी अपेक्षा आहे. त्या बैठकीत संबंधित अधिकारी समोरच बसलेले असतात, तेव्हा पंतप्रधान आवास योजनेतला अडकलेला हप्ता तिथे दोन मिनिटांत समजतो. ज्या कार्यालयांना ‘दिशा’ची पुढची बैठक कधी आहे हेही ठाऊक नसते, तीच कार्यालये शून्य प्रहरासाठी, म्हणजे तातडीचे विषय सभागृहात मांडायच्या वेळेसाठी, सर्वांत जास्त धावपळ करतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

उरलेल्या निवेदनांत राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीचा, म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्यातल्या विषयांच्या वाटणीचा, विचार करावा लागेल. शेती, पाणी, आरोग्य, पोलीस हे राज्याचे विषय आहेत, आणि प्रश्न सैल लिहिला तर मंत्रालय पहिल्याच ओळीत ‘हा राज्यसूचीतील विषय आहे’ असे लिहून मोकळे होते. याचा अर्थ पाण्याचा प्रश्न दिल्लीत विचारता येत नाही असा नव्हे. केंद्राचा पैसा किंवा केंद्राची परवानगी जिथे येते, तिथे बोट ठेवायचे. गावात नळ आहे पण पाणी नाही, ही तक्रार असेल तर ‘गावाला पाणी का मिळत नाही’ असे विचारू नये. जलजीवन मिशनखाली त्या जिल्ह्यात किती योजना मंजूर झाल्या, किती पूर्ण झाल्याचे राज्याने कळवले आणि केंद्राचा किती निधी कोणत्या वर्षी वितरित झाला, असे विचारावे. कागदावर पूर्ण झालेल्या योजनेत आपल्या गावाचे नाव निघाले, की पुढचे भांडण गावकरी स्वतःच उत्तम भांडतात.

आता तुझ्या मतदारसंघाच्या मुख्य विषयाकडे येतो. कांद्याच्या पट्ट्यातून निवडून आलेल्या खासदाराकडे कांद्याचीच निवेदने येणार. ती वाचताना तुला असे दिसेल की शेतकरी ‘सरकार’ असा एकच शब्द वापरतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. दिल्लीत मात्र कांद्याला निदान चार दरवाजे आहेत. निर्यातीवर बंदी घालणे किंवा किमान निर्यात मूल्य ठरवणे हे वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचे काम. निर्यात शुल्क लावणे हे अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचे. भाव आवरण्यासाठी राखीव साठा करणे आणि तो शहरांत विकणे हे ग्राहक व्यवहार विभागाचे, जे नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत चालते. आणि उत्पादनाचे अंदाज, कांदा साठवण्याच्या चाळींचे अनुदान यांसाठी कृषी मंत्रालय. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये ती ५५० डॉलर प्रतिटन किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह खुली झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले. लासलगावच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या माणसाला हा सगळा एकच तडाखा वाटतो, पण त्यातला प्रत्येक निर्णय वेगळ्या अधिसूचनेने, वेगळ्या खात्यातून निघालेला आहे. शुल्काचा प्रश्न कृषिमंत्र्यांना विचारलास तर तो दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होईल, तारीख बदलेल, आणि अधिवेशन संपून जाईल. म्हणून मसुद्याच्या आधी अधिसूचना शोध, तिच्याखाली कोणत्या खात्याचे नाव आहे ते पाहा, आणि मगच मंत्र्याचे नाव लिही.

त्याच डिसेंबरमधली दुसरी गोष्ट तारखांची आहे. प्रश्नाच्या सूचनेला किमान पंधरा दिवस पूर्ण द्यावे लागतात. निर्यातबंदी ८ डिसेंबरला आली आणि हिवाळी अधिवेशन २१ डिसेंबरला संपले. म्हणजे बंदीवर विचारलेला प्रश्न, तो कितीही नेमका असला तरी, त्या अधिवेशनात उत्तरापर्यंत पोहोचूच शकत नव्हता. अशा वेळी शून्य प्रहर, नियम ३७७ (आधी मंजूर केलेला लेखी मजकूर मांडण्याची सोय) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावर मंत्र्याचे निवेदन मागणारी) एवढेच मार्ग उरतात, आणि प्रश्न पुढच्या अधिवेशनासाठी राखून ठेवावा लागतो. त्याच अधिवेशनात लोकसभेचे १०० सदस्य निलंबित झाले. निलंबनाच्या काळात सदस्याच्या सूचना घेतल्या जात नाहीत, हेही ध्यानात ठेव. कोण चूक, कोण बरोबर, हा वाद मी या पत्रात घालणार नाही. पण ज्या मतदाराचे निवेदन त्या सदस्याच्या फाइलमध्ये होते त्याला निलंबनाची झळ सदस्याइतकीच लागली, एवढे मात्र नोंदवून ठेवतो. साहेब सभागृहाच्या हौद्यात उतरण्याचा विचार करतील तेव्हा त्या आठवड्यात आपले कोणते प्रश्न यादीत आहेत, हे त्यांना एका चिठ्ठीवर लिहून देणे तुझे काम आहे. पुढचा निर्णय त्यांचा.

मसुदा कसा करायचा, यावर थोडे रेंगाळतो, कारण कसब आहे ते इथेच. नवखा माणूस पहिला मसुदा साधारण असा लिहितो: ‘(क) निर्यातबंदीमुळे कांदा उत्पादक शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले आहे, हे खरे आहे काय; (ख) असल्यास, त्याचा तपशील काय; (ग) शासन नुकसानभरपाई देणार आहे काय; (घ) नसल्यास, त्याची कारणे काय?’ दिसायला हा प्रश्न नेटका आहे, आणि अगदी निकामी आहे. ‘प्रचंड नुकसान’ हे अनुमान झाले. युक्तिवाद, अनुमान, उपरोध आणि आरोप प्रश्नात चालत नाहीत, त्यामुळे एक तर लोकसभा सचिवालय ते शब्द काढील किंवा प्रश्नच नाकारील. त्यातून तो वाचला, तरी साखळीची पहिली कडी ‘हे खरे आहे काय’ अशी आहे. मंत्रालयाने (क) ला ‘नाही’ म्हटले की (ख) ते (घ) समोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी एकच ओळ येते आणि तुझा चार भागांचा प्रश्न एका शब्दात संपतो.

आता निवेदन पुन्हा वाच. त्यात नुकसानभरपाईच्या खाली कुठे तरी, बहुधा शाईपेनाने घाईत लिहिलेली, एक ओळ असते: राखीव साठ्यासाठी कांदा घेतात म्हणे, पण आमच्या गावातून कोणी घेतला नाही, आणि ज्यांनी दिला त्यांचे पैसे कधी आले कळत नाही. खरा प्रश्न त्या ओळीत आहे. तो ग्राहक व्यवहार मंत्र्यांना असा विचारता येईल: ‘(क) मागील तीन वर्षांत राखीव साठ्यासाठी महाराष्ट्रातून खरेदी केलेल्या कांद्याचे जिल्हानिहाय व वर्षनिहाय प्रमाण आणि सरासरी खरेदी दर किती, (ख) ही खरेदी ज्या शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्थांमार्फत झाली त्यांची जिल्हानिहाय नावे कोणती, (ग) खरेदीपासून शेतकऱ्याच्या बँक खात्यात रक्कम जमा होईपर्यंत लागलेला सरासरी कालावधी किती, आणि (घ) साठवणुकीत झालेली घट वर्षनिहाय किती?’ यातला प्रत्येक भाग आपापल्या पायावर उभा आहे. एकाचे उत्तर टाळले तरी दुसऱ्याचे द्यावे लागते. कुठेही ‘खरे आहे काय’ नाही, विशेषण नाही, आणि १५० शब्दांची मर्यादाही ओलांडलेली नाही. कदाचित (ग) ला ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ असे उत्तर येईल. त्याने निराश होऊ नकोस, कारण कोट्यवधींची खरेदी करणारे खाते शेतकऱ्याला पैसे कधी मिळाले याची नोंद ठेवत नाही, हे आता मंत्र्यांच्या नावाने छापून आले आहे. पुढच्या अधिवेशनातला प्रश्न तिथून सुरू होतो.

मसुद्याआधी त्याच विषयावरची मागची उत्तरे काढून वाचायची सवय लाव. ती संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. एकदा दिलेले उत्तर पुन्हा मागितले तर प्रश्न फेटाळला जातो, आणि जुन्या उत्तरातला आकडा नव्या उत्तरातल्या आकड्याशी जुळत नाही असे आढळले, तर त्याहून धारदार पुरवणी प्रश्न, म्हणजे मंत्र्याच्या उत्तरावर सभागृहात लगेच विचारायचा प्रश्न, दुसरा कोणताही नसतो.

तारांकित (तोंडी उत्तराचा) की अतारांकित (लेखी उत्तराचा), असे तू विचारले आहेस. सगळ्यांनाच तारांकित हवा असतो, कारण त्यात साहेब उभे राहतात, मंत्री उभे राहतात आणि चित्रफीत निघते. पण हिशेब कर. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. एका सदस्याला एका दिवसासाठी दोन्ही मिळून पाच सूचना देता येतात, तारांकित यादीत त्याच्या नावावर एकच प्रश्न लागतो, आणि क्रम सोडतीने ठरतो. ११ ते १२ या तासात तोंडी उत्तरापर्यंत पाच-सहा प्रश्न पोहोचले तरी खूप झाले. गोंधळ झाला तर एकही नाही. जे पोहोचत नाहीत त्यांचे उत्तर लेखी पटलावर येते, म्हणजे ते अतारांकितासारखेच होतात. अतारांकित प्रश्नाला मात्र गोंधळाचा उपद्रव नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, तेव्हाही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे येत राहिली. माझा सल्ला असा की आकडे हवे असतील तिथे अतारांकित विचार, आणि ज्या विषयावर आकडे आपल्या हातात आधीच आहेत व मंत्र्याला सर्वांसमोर एक हो किंवा नाही वदवून घ्यायचे आहे, त्यासाठीच तारांकित ठेव.

तारांकित लागलाच, तर खरे काम पुरवणी प्रश्नांचे आहे. विचारणाऱ्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात. छापील उत्तर सभागृह सुरू होण्याआधी हाती येते. ते साहेबांच्या आधी तू वाच आणि त्यातले टाळलेले उपप्रश्न अधोरेखित कर. पुरवणी प्रश्न दोन वाक्यांचा असावा. नवे सदस्य पुरवणीच्या नावाखाली भाषण करतात, अध्यक्ष ‘प्रश्न विचारा’ म्हणतात, आणि घाईघाईत जो प्रश्न निघतो तो मंत्र्यांच्या फायद्याचा असतो. आपल्या जिल्ह्याचे नाव पुरवणीत एकदाच घ्यावे, पण घ्यावे जरूर.

शून्य प्रहराबद्दल माझे मत तुला थोडे कडू वाटेल. नियमपुस्तिकेत त्याला जागा नाही. ती अध्यक्षांच्या अनुमतीने रुळलेली प्रथा आहे, आणि मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन नाही. तरीही कालपरवा गारपीट झाली असेल, पूल वाहून गेला असेल, तर शून्य प्रहरासारखे साधन नाही. त्याची तातडी खरी असली पाहिजे, एवढेच. गेली दहा वर्षे रखडलेला उड्डाणपूल शून्य प्रहरात मांडून कोणाचीही झोप उडत नाही. अशा विषयासाठी नियम ३७७ आहे. त्याचा मजकूर सुमारे २५० शब्दांचा असतो, तो आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आठवड्याला एका सदस्याला एकच मिळतो, आणि सभागृहात बोलायला वेळ मिळाला नाही तरी तो पटलावर ठेवला गेला असे मानले जाते. त्याचे लेखी उत्तर मंत्रालय सदस्याला पाठवते. ते उत्तर टपालाने कधी तरी येते आणि बहुतेक कार्यालयांत न उघडता फाइलला लागते! तू तसे होऊ देऊ नकोस.

३७७ खाली सर्वाधिक येणारी मागणी रेल्वेच्या थांब्याची असते. तिला ठरलेले उत्तर आहे: थांबा देणे ही निरंतर प्रक्रिया असून ती प्रवासी वाहतूक आणि परिचालनातील सोय यांवर अवलंबून असते. हे उत्तर टाळायचे असेल तर मागणीसोबत त्या स्थानकाच्या तिकीटविक्रीचे आकडे जोड, आणि रेल्वेचे महाव्यवस्थापक खासदारांची बैठक घेतात तिथे तेच आकडे पुन्हा मांडायला साहेबांना सांग. थांबा मिळतो तो बहुधा तिथूनच.

मोठ्या मागणीचे गणित मात्र निराळे असते, आणि कोकण रेल्वे हे त्याचे आपल्या घरचे उदाहरण आहे. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ ते १९९१ अशी सलग पाच वेळा निवडून आलेले मधू दंडवते यांनी कोकणच्या रेल्वेचा विषय संसदेत सतत जिवंत ठेवला. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. द्वितीय श्रेणीच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच काळात. तरीही रोह्याच्या पुढे रूळ सरकायला १९९० उजाडावे लागले. त्या वर्षी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते, आणि स्वतंत्र महामंडळ काढून त्यात रेल्वेने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के भाग उचलावा, उरलेला पैसा रोख्यांतून उभा करावा, अशी तोड निघाली. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. या इतिहासाकडे लोक चिकाटीचा धडा म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मागणी रास्त आहे हे दिल्लीला फार आधीपासून मान्य होते. अडत होते ते पैसा कोण आणि कसा देणार यावर. म्हणून तुझ्या मतदारसंघाची मोठी मागणी लिहिताना शेवटच्या परिच्छेदात खर्चाची वाटणी सुचव. राज्य किती देईल, केंद्राची कोणती योजना लागू पडते, जमीन कोणाच्या ताब्यात आहे. असा परिच्छेद असलेले निवेदन अवर सचिवाला टिपण लिहायला उपयोगी पडते, आणि दिल्लीत पुष्कळ गोष्टी अवर सचिवाच्या टिपणातूनच पुढे सरकतात.

उत्तरांत एक वाक्य तुला वारंवार भेटेल: ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे.’ लोक याला टोलवाटोलवी समजून पान उलटतात. संसदेच्या लेखी मात्र अशी वाक्ये आश्वासने मानली जातात, तीन महिन्यांत त्यांची पूर्तता करावी अशी अपेक्षा असते, आणि ती झाली की नाही हे पाहायला १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. तेव्हा असे वाक्य दिसले की तारीख लिहून ठेव आणि मुदत उलटल्यावर समितीच्या शाखेकडे चौकशीचे पत्र टाक. हे काम कंटाळवाणे आहे, कौतुक कोणी करीत नाही, आणि मी पाहिलेल्या सर्व उपायांत हाच सर्वांत कमी वापरलेला उपाय आहे. अर्थसंकल्पाच्या काळात खात्यांच्या मागण्या तपासणाऱ्या स्थायी समित्यांचेही असेच आहे. २४ समित्यांपैकी एकीत साहेब असतीलच. तिथे कॅमेरा नसतो, पक्षादेशाचा ताणही कमी असतो, आणि खात्याचा सचिव समोर बसून उत्तरे देतो. उलट सभागृहात कित्येक खात्यांच्या मागण्या गिलोटिनखाली, म्हणजे ठरलेली वेळ संपली म्हणून एकदम मताला टाकून, चर्चेविनाच मंजूर होऊन जातात. कांदा साठवणुकीवर एखादी गोष्ट पदरात पाडून घ्यायची असेल, तर समितीच्या बैठकीसाठी केलेले एक पानाचे टिपण शून्य प्रहरातल्या तीन मिनिटांपेक्षा जास्त कामाला येते.

आता थोडे सावधगिरीचे. प्रश्न ही विकण्याजोगी वस्तू आहे हे काही लोकांना फार लवकर कळते. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांचे प्रकरण मुंबईच्या सराफांच्या संघटनेसाठी पैसे घेऊन प्रश्न मांडण्याचेच होते, आणि डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांच्या मिळून ११ सदस्यांना त्याच कारणाने घालवण्यात आले. २०२३ मध्ये तर प्रश्नांच्या पोर्टलचे लॉगिन बाहेरच्या व्यक्तीला वापरू दिल्याच्या प्रकरणात एका सदस्याचे सदस्यत्व गेले. तुझ्याकडे कोणी तरी नेटका, तयार प्रश्न घेऊन येईल. तो सभ्य असेल, भाषा तुझ्यापेक्षा चांगली असेल, आणि प्रश्न खरोखरच जनहिताचा दिसेल. तू त्याला एवढेच विचार की हे गाऱ्हाणे मतदारसंघातल्या कोणत्या गावचे आहे आणि निवेदन कुठे आहे. निवेदनाशिवाय प्रश्न नाही, हा नियम आपल्या नोंदवहीत पहिल्या पानावर लिहून ठेव. साहेबांचा पासवर्ड तुला माहीत नसावा हेच बरे. मसुदा तू करायचा, दाखल त्यांनी करायचा.

एखाद्या अधिकाऱ्याचे किंवा कंपनीमालकाचे नाव घेऊन आरोप करायचा मोह साहेबांना होईल. सभागृहात बोललेल्या शब्दांना अनुच्छेद १०५ चे संरक्षण आहे हे खरे, पण बाहेर पायऱ्यांवर वाहिनीला तेच सांगितले तर ते संरक्षण उरत नाही. शिवाय बदनामीकारक आरोपासाठी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी सूचना द्यावी लागते, नाही तर तो भाग कामकाजातून वगळला जातो. निवेदन देणाऱ्याच्या नावाचीही तितकीच काळजी घे. निवेदनासोबत लोक सातबारा, आधार, बँकेच्या पासबुकाचे पान असे सगळे जोडतात. ते व्हॉट्सॲपवरच्या कार्यकर्त्यांच्या गटात फिरता कामा नये, आणि सभागृहात त्याचे नाव घ्यायचे असेल तर त्याला फोन करून विचारावे. त्याला गावात राहायचे असते आणि त्याच तलाठ्याकडे पुन्हा जायचे असते.

साहेबांना मराठीत बोलायचे असेल तर बिनदिक्कत बोलू दे. लोकसभेत मराठीतून बोलता येते आणि त्याचा अनुवाद सदस्यांच्या कानापर्यंत जातो. दुभाषांना आधी कळव आणि भाषणाची प्रत, निदान त्यातले आकडे व गावांची नावे तरी, त्यांच्याकडे पोहोचव. ‘चाळीतला कांदा’ म्हणजे मुंबईच्या चाळीतला नव्हे, हे त्यांना आयत्या वेळी सांगता येत नाही. पुण्यात जन्मलेले मधू लिमये बिहारमधून निवडून येत आणि नियमांच्या बळावर भल्याभल्या मंत्र्यांना अडवीत. साहेबांच्या हिंदीवर हसणारे भेटले तर त्यांना लिमयांची आठवण दे; सभागृहात वजन पडते ते तयारीचे.

शेवटचा टप्पा राहिला. उत्तर हिंदी आणि इंग्रजीत येते. ते ज्या दिवशी पटलावर येईल त्या आठवड्यात त्याचा मराठी अनुवाद कर, वर दोन ओळींत साध्या भाषेत लिही की आपण काय विचारले होते, काय कळले आणि कशाचे उत्तर मिळाले नाही, आणि ते निवेदनावर सही करणाऱ्या पहिल्या माणसाला टपालाने पाठव. ग्रामपंचायतीला एक प्रत, तालुक्याच्या वार्ताहराला एक. उत्तर प्रतिकूल असले तरीही पाठव. प्रतिकूल उत्तर दडपण्याची वृत्ती कार्यालयांत फार असते. असे पत्र गेले की महिन्याभरात त्याच गावातून दुसरे निवेदन येते, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी नेमके असते, कारण आता त्यांना मंत्रालयाची भाषा आणि तिच्यातल्या पळवाटा दोन्ही कळलेल्या असतात. माझ्याकडच्या सर्वांत चांगल्या पुरवणी प्रश्नांपैकी बरेचसे अशा दुसऱ्या निवेदनांतून आले.

नोंदवही आजच घाल. निवेदनाचा क्रमांक, गाव, तारीख, खाते, कोणत्या साधनाने मांडले, उत्तर कधी आले, प्रत कोणाला गेली, आश्वासन असल्यास मुदत कधी संपते, एवढे रकाने पुरेत. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत मिळून २७४ बैठका झाल्या; दिवस इतके थोडे असताना कोणत्या दिवसासाठी काय द्यायचे, हे आयत्या वेळी आठवून भागणार नाही.

पहिल्या आठवड्याच्या प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याआधीच द्याव्या लागतात, तेव्हा वेळ कमी आहे. राखीव साठ्यावरचा मसुदा आणि जलजीवनचा मसुदा या रविवारपर्यंत मला पाठव. सोबत मूळ निवेदनांच्या प्रती, नावे झाकून. उपप्रश्नांचा क्रम मी पाहून देतो. चाळींच्या अनुदानावरचा प्रश्न कृषी खात्याचा आहे, त्याचा वार वेगळा असेल, तो कोणत्या वारी कोणते मंत्रालय उत्तर देते त्या तक्त्यात तपासून घे.

साहेबांना नमस्कार सांग.

तुझा हितचिंतक